झील: बसू

भवानी पेठ, सोलापूर
६ जानेवारी २०२५

माउलीमामा,

साष्टांग नमस्कार घालायला आईने सांगितलंय, तो घातला असं समजा आणि पुढे वाचा. कोडचं काही असेल तर फोनवर विचारायचं नाही, लिहून विचार, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून हा मेल पत्राएवढा लांब आहे. तक्रार चालणार नाही.

तुम्ही कॉलेजात असताना लिहिलेलं ‘ओसरी’ मला सापडलं! ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर, पीएचपीत लिहिलेलं, आणि वर ‘कुणीही घ्या, वापरा, बदला’ असं लिहून ठेवलेलं. लोक अजून वापरतात बरं का. बुलडाण्याकडचा एकजण त्यावर चिंचेच्या झाडांविषयी लिहितो. मी ते आमच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मशीनवर चढवलं, तर नव्या पीएचपीने पहिल्याच पानाला हात टेकले. डेटाबेसशी बोलणारी तुमच्या वेळची फंक्शनं भाषेतून काढूनच टाकलीत. ती सगळी शोधून बदलली. आता चालतंय.

हा उपद्व्याप आबांसाठी. त्यांच्या गळ्यातली गाठ फेब्रुवारीत काढायची, हे तुम्हाला आईने कळवलंच आहे. आवाज राहील का, असं विचारलं की डॉक्टर ‘बघू’ म्हणतात. तुमचे वडील जन्मभर मेंढरांमागे फिरत धनगरी ओव्या गायले, आणि आपल्या घरात एका फोनमध्येही त्यांचा आवाज नाही. मला हे फार लागलंय. ऑपरेशनच्या आधी जमतील तेवढ्या ओव्या रेकॉर्ड करून ओसरीवर ठेवायच्या, असं मी ठरवलंय.

पण तुमची ओसरी पान उघडूच देत नाही. लेख जतन केला की म्हणते, ‘दुसऱ्याचा होकार यायचा आहे.’ कोण दुसरा? आत जाऊन बघितलं तर फंक्शनचं नाव चक्क मराठीत: दुसरा_आला_का. त्याच्या डोक्यावर तुमची टीप: ‘झील धरणाऱ्याचं नाव आल्याशिवाय पान उघडायचं नाही. का ते विचारू नका.’

मी विचारतेय. का?

सुकन्या

---

हैदराबाद
१२ जानेवारी

सुकन्या,

साष्टांग पोचला. आता ऊठ, गुडघे दुखतील.

ओसरी अजून कुणी उघडतं हे वाचून खूप बरं वाटलं. चिंचवाल्या माणसाचा ब्लॉग मी अर्धा तास वाचत बसलो, तुझी मामी म्हणाली, ऑफिसचं काम एवढ्या आवडीने कधीपासून करायला लागलात?

त्या फंक्शनचं विशेष काही नाही. प्रोजेक्टला काहीतरी वेगळं हवं होतं, सुचलं ते केलं. लिहिणारा एक आणि हो म्हणणारा एक, अशी प्रत्येक ब्लॉगला दोन माणसं. दुसऱ्याने होकार दिला की पान उघडतं आणि शीर्षकाखाली त्याचं नाव येतं. ओवीत नाही का, एकजण ओळ सोडतो आणि दुसरा ती झेलून पुढे नेतो, तिला झील म्हणतात. तोच शब्द घेतला.

एक विनंती. मूळ कोड फोडू नकोस. वाटेत जागोजागी मी हुक ठेवलेत, खुंट्याच म्हण. तुला जे वाढवायचं ते वेगळं प्लगइन लिहून त्यांना अडकव. म्हणजे उद्या मी किंवा चिंचवाल्याने मूळ कोड बदलला तरी तुझं काम पडणार नाही. दुसरा_आला_का मात्र खुंटीवर नाही, तो पायातच आहे. त्याला हात लावू नकोस. दुसरा म्हणून कुणाचंही नाव घाल, घरात माणसं काय कमी आहेत?

आबा गायला तयार झाले का? मला खरं वाटत नाही.

माउलीमामा

---

सोलापूर
१९ जानेवारी

मामा,

तयार झाले! दोन दिवस ‘गळा बसलाय’ म्हणाले, तिसऱ्या दिवशी मी फोन समोर ठेवून नुसती बसून राहिले. मग त्यांनी तळहात कानाला लावला, डोळे मिटले आणि सुंबरान मांडलं. ओवीची सुरुवात देवाच्या आठवणीने करायची, तिला सुंबरान म्हणतात हेही मला त्याच दिवशी कळलं. मामा, इतकी वर्षं हा माणूस आपल्या घरात चहात खारी बुडवत होता आणि मला पत्ता नाही.

दम मात्र पुरत नाही त्यांना. एक ओळ म्हटली की थांबतात. बराच वेळ काही नाही. मग पुढची ओळ. मी रात्रीतून त्या सगळ्या रिकाम्या जागा कापल्या आणि ओवी सलग केली. छान वाटते आता. होकाराचंही जमवलं, पान उघडलं. बघा आणि सांगा.

आबांना ऐकवलं तर खूश व्हायचं सोडून कपाळाला आठ्या. म्हणाले, “ह्यातली जागा कुटं गेली?” मी म्हटलं, कसली जागा? तर उठून गॅलरीत गेले. आईला विचारलं, ती म्हणाली, “माउलीलाच इचार.” तुम्ही सगळे मिळून माझ्यापासून काय लपवताय?

सुकन्या

---

हैदराबाद
२६ जानेवारी

सुकन्या,

पान बघितलं. ऐकलं. आवाज घोगरा झालाय, पण तोच आहे.

आता दुसरी गोष्ट. शीर्षकाखाली ‘झील: बसू’ असं आलंय. हा बसू कोण? तू दुसरा म्हणून घरातलं कुणी घातलं नाहीस, बसू घातलास. मला जुन्या विचारांचा समजू नकोस. मुलगा चांगला असला तर ताईशी मी बोलेन, तुझ्या वडिलांची समजूत घालणंही माझ्याकडे लागलं. पण हे मला ब्लॉगवरून कळावं? काय करतो, कुठला आहे, एवढं तरी लिही.

आणि त्या रिकाम्या जागा परत घाल. आबा दम घेत नव्हते. ती जागा बिरूतात्यांची आहे.

विचारू नका म्हटलं तरी तू विचारणारच, म्हणून सांगतो. बिरुदेव हे आबांचे झीलकरी. दोघं पोरवयापासून बरोबर गायले. आबांनी ओळ टाकायची, तात्यांनी झेलायची. तात्या नसतील तर आबा मेंढरांसमोरसुद्धा गायचे नाहीत. एका जत्रेत शहरातून काही मंडळी रेकॉर्डिंगला आली आणि त्यांनी कर्ण्यावरून आबांचं एकट्याचंच नाव पुकारलं, ‘हरिबा आणि पार्टी’. तात्या म्हणाले, “मी पार्टी व्हय?” घोंगडं खांद्यावर टाकलं आणि चालू लागले. आबांनी माईकवर एकदा त्यांचं नाव घेतलं असतं तर तिथेच मिटलं असतं. आबांना वाटलं, अख्ख्या मुलखाला ठाऊक आहे, सांगायचं काय? दोघेही ताठ. त्या दिवसापासून बोलणं बंद आणि आबांचं गाणंही बंद.

पुढच्या वर्षी मी ओसरी लिहिली. एकाचंच नाव लागेल असं पान तिच्यात उघडूच नये, एवढंच डोक्यात होतं. त्या जत्रेतल्या रेकॉर्डिंगची एक प्रत मी मिळवली होती, ती ओसरीवरचं पहिलं पान म्हणून ठेवली. गाणारे हरिबा, झील बिरुदेव. तात्यांचं खातं उघडलं, होकाराचा मेल पाठवला. होकार आला नाही. त्यांचं मन उठलंय असं समजलो आणि ओसरी सोडून दिली. ते पान अजून बंद आहे.

मोठ्या माणसांच्या या भानगडीत तू पडू नकोस. बसूबद्दल कळव.

मामा

---

सोलापूर
२ फेब्रुवारी

मामा,

हसून हसून पोट दुखलं. आईला वाचून दाखवलं तर ती आधी घाबरली, मग माझ्याहून जास्त हसली.

बसू असा कुणी नाही हो! होकाराला दुसरं खातं हवं होतं, म्हणून मीच एक खोटं उघडलं. नाव काय घालायचं म्हणून गॅलरीतून खाली बघितलं, तर समोर पाटी: ‘बसू टी हाऊस’. घातलं. बसूअण्णा अक्कलकोटकडचा, दोन लेकरांचा बाप आहे आणि आपलं नाव ओवीखाली लागलंय हे त्याच्या गावीही नाही.

जागा परत घातल्या. आबांना पुन्हा ऐकवलं. या वेळी प्रत्येक रिकाम्या जागेत ते मान हलवत होते, तिथे काहीतरी ऐकू येत असल्यागत. शेवटी म्हणाले, “आता बरोबर हाय. पन आर्दीच हाय.” पुढची ओवी म्हणा म्हटलं तर नाही म्हणाले. बिरूतात्यांना बोलावू का विचारलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. ऑपरेशन २१ तारखेला आहे.

आता एक शंका. खरंच कुतूहल आहे म्हणून विचारते. बिरूतात्यांना मेल पाठवला म्हणता. मेंढरामागे फिरणाऱ्या माणसाला तेव्हा मेलचा पत्ता कुठून आला? तुम्हीच उघडला असणार. मग त्याचा पासवर्ड तात्यांना दिला होतात का?

आणखी एक. काल पानाखाली कुणा सोनालीची कमेंट आली: ‘मोहोळहून. आमचे आजोबा विचारतात, हा बसू कोण?’ तिचे आजोबा कोण, ते मी विचारलंय. अजून उत्तर नाही.

सुकन्या

---

हैदराबाद
५ फेब्रुवारी

सुकन्या,

नव्हता दिला.

पासवर्ड अजून माझ्याच डायरीत आहे. तुझं पत्र वाचल्यापासून मी स्वतःशीच हसतोय आणि मधूनच रडू येतंय. एवढा होकाराचा देखावा उभा केला आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यापर्यंत तो नेलाच नाही. सगळी वर्षं मी मनातल्या मनात तात्यांवर रुसून होतो.

आता तू काम कर. असं प्लगइन लिही, की दुसऱ्याला ना खातं लागेल, ना मेल, ना पासवर्ड. फोनवर एक लिंक जाईल, ती उघडली की आवाज वाजेल आणि खाली एकच मोठं बटण: व्हय. होकाराच्या आधीच्या हुकला अडकव. झालं की ओसरीचा कोड ठेवलाय त्या रिपॉझिटरीवर पाठव, मी तपासून मूळ ओसरीत घेईन. नाव तुझंच लागेल.

सोनालीचे आजोबा कोण असतील, ते तुलाही कळलंय आणि मलाही.

मामा

---

सोलापूर
१६ फेब्रुवारी

मामा,

प्लगइन पाठवलंय. तपासा. पण आधी हे वाचा, कारण आज सकाळी जे झालं ते सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

मी दूध आणायला खाली उतरले तर बसूअण्णाच्या टपरीवर गर्दी. मधे एक म्हातारा, डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं, एस. टी.तून उतरून आमचा पत्ता विचारत आलेला आणि ‘बसू’ अशी हाक ऐकून तिथेच थांबलेला.

“तूच का बसू?”

“व्हय, मीच की.”

“हरिबाच्या मागं झील तू धरतोस?”

“एन्री? काय म्हनता? आण्णा, मी चहा करतो हो.”

“चहा समदेच करत्यात. म्हन बगू सुंबरान.”

बसूअण्णाला वाटलं, वर्गणी मागायला आलेत. त्याने घाईघाईने एक कट चहा पुढे केला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही. “मी हुतो तवर मला पार्टी म्हनलं. आन आता ह्यो बसू! नाव छापतोय त्येचं! अन् झील तर ऐकायलाच येत न्हाय. मोबाइलात नुसती जागा मोकळी सुटलीया.” मी पुढे झाले आणि सगळा घोळ सांगायला तोंड उघडलं, पण त्यांनी हातानेच मला गप्प केलं. “थांब पोरी. ह्येला दावतो झील कशी धरत्यात. ए बसू, मी वळ टाकतो. तू झेल.”

आणि मामा, भर रस्त्यात तात्यांनी तळहात कानाला लावला आणि ओळ टाकली. टाकली आणि थांबले, बसूकडे बघत. बसूअण्णा एका हातात कट, दुसऱ्या हातात गाळणं घेऊन उभा, तोंड उघडं. एक रिक्षावालाही थांबला. ती जागा तशीच रिकामी राहणार असं मला वाटलं.

तेवढ्यात वरून झील आली.

आबा गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. एक हात कानाला. आवाज फाटलेला, पण ओळ त्यांनी खाली पडू दिली नाही. तात्यांनी वर बघितलंच नाही. त्यांनी पुढची ओळ टाकली, आबांनी झेलली. आणखी एक, आणखी एक. आई स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, “आबांनी जन्मात कदी झील धरली न्हवती गं.” मला फोन काढायचं उशिरा सुचलं, पहिल्या ओळी गेल्या. बाकी सगळं आहे.

थांबल्यावर तात्या तिथूनच ओरडले, “हरिबा, सूर लई उतरलाय की तुजा!”

“गाट हाय गळ्यात.”

“मंग सांगितलं का न्हाईस?”

“तू इचारलंस का?”

तात्यांनी बसूअण्णाच्या हातातला कट घेतला, एका घोटात संपवला आणि जिना चढून वर आले. दुपारी दोघांनी एका ताटात भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. बोलले फक्त मेंढरांवर. कोणती मेंढी कोणत्या पावसाळ्यात मेली, यावर त्यांचं भांडणसुद्धा झालं.

सकाळची ओवी मी ओसरीवर चढवली. गाणारे बिरुदेव, झील हरिबा. लिंक आबांच्या फोनवर गेली, पण ते बटण दाबेनात. म्हणतात, “माजी झील लई घोगरी झालीया. बिरूच्या गान्याला असली शोभत न्हाय. ऑपरेशन हुंद्या, मंग बगू.” मी खूप समजावलं. मामा, मंग आवाजच नसला तर? हे मात्र मला म्हणवलं नाही.

सुकन्या

---

सोलापूर
२५ फेब्रुवारी

मामा,

ऑपरेशन नीट पार पडलं हे फोनवर सांगितलंच. गाठ निघाली, घाबरायचं कारण नाही. बोलायला मात्र पूर्ण बंदी आहे. आवाज कितपत येईल, ते बंदी उठल्यावरच कळेल.

आबांसारख्या माणसाला गप्प बसवणं सोपं नाही. पाटी-पेन्सिल दिली तर ती ढकलून दिली, लिहिता कुठे येतं त्यांना. हातवारे करतात, कुणाला कळले नाहीत की चिडतात. बिरूतात्यांना मात्र सगळं कळतं. पाणी, उशी, खिडकी लाव, तो पलीकडचा पेशंट फार घोरतो, सगळं. तात्या मोहोळला परत गेलेलेच नाहीत. आईने विचारलं तर म्हणाले, “ह्येच्या वतीनं कुनीतरी बोलाय पायजे का नको?”

काल दुपारी आबांनी स्वतःच्या फोनकडे बोट दाखवलं. मी त्यावरची लिंक उघडून ती ओवी लावली. दोघांनी डोकी जवळ आणून अख्खी ऐकली. आपला घोगरा आवाज आला की आबा तोंड वाकडं करायचे आणि तात्या त्यांच्या मांडीवर हलकेच थाप मारायचे. संपल्यावर खाली ते बटण आलं. आबांनी तात्यांकडे बघितलं.

तात्या म्हणाले, “दाब की. मी काय बसूला इचारू?”

आबांना हसू फुटलं आणि टाके दुखले, म्हणून नर्स आम्हाला रागावली. मग त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि बटण दाबलं. मामा, मला आवाजातून होकार घ्यायची सोय करायची होती, बटण मला फार कोरडं वाटत होतं. बरं झालं तुम्ही बटणच सांगितलंत. काल त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

सुकन्या

---

हैदराबाद
२६ फेब्रुवारी

सुकन्या,

परवा मीटिंगमध्ये होतो तेव्हा फोन थरथरला. ओसरीचा मेल: ‘हरिबा यांनी झील दिली. पान उघडलं आहे.’ हे वाक्य मीच लिहिलेलं, कॉलेजच्या हॉस्टेलात, मोठ्या आशेने. मी उठून बाहेर गेलो आणि जिन्यात बसून ती ओवी ऐकली. साहेबांना सांगितलं, वडील गातायत.

पण पत्र लिहितोय ते आज सकाळच्या मेलसाठी. तुझं प्लगइन मी मूळ ओसरीत घेतलं, हे तुला कळलंच असेल. ते माझ्या जुन्या सर्व्हरवरही चढवलं होतं, हे मी कुणाला बोललो नव्हतो. ताईकडून सोनालीचा नंबर घेतला, बंद पडलेल्या पहिल्या पानाला जोडला आणि लिंक सोडून दिली. काही येईल असं खरंच वाटलं नव्हतं. दवाखान्यात तुमच्यातल्या कुणाला तात्या काही बोलले का, मला माहीत नाही. सोनाली म्हणते, काल रात्री फोनवर त्यांनी तिला ती ओवी दोनदा लावायला सांगितली आणि मग म्हणाले, “माज्या नावानं तूच दाब. व्हय म्हन.”

पान उघडलंय. जत्रेतला गलका आहे, मागे कुणाचं तरी पोर रडतंय, दोघांचे आवाज तरणेबांड आहेत. वर नावं आहेत. गाणारे हरिबा, झील बिरुदेव. पार्टी कुठेही नाही.

शनिवारच्या गाडीने निघतोय. आबांना सांग, बोलायची घाई करू नका. मी नुसता शेजारी बसेन.

माउलीमामा